कॉलेजचा गार्ड एनबीएत टिकेल का, हे कसं तपासायचं?

एनबीए ही अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग. तिचे संघ दरवर्षी नवे खेळाडू क्रमाने निवडतात, तो ड्राफ्ट. २०१८च्या ड्राफ्टमधले तीन गार्ड, म्हणजे बॉल सांभाळून चाल रचणारे खेळाडू, घ्या. ट्रे यंग पाचव्या क्रमांकावर निवडला गेला, शे गिल्जस-अलेक्झांडर अकराव्या आणि जेलन ब्रन्सन तेहेतिसाव्या. त्या हंगामात ओक्लाहोमा विद्यापीठाकडून खेळताना यंगने सामन्यामागे २७.४ गुण आणि ८.७ असिस्ट, म्हणजे सहकाऱ्याला थेट गुण मिळवून देणारे पास, केले होते. एकाच हंगामात गुण आणि असिस्ट दोन्हींत अमेरिकेतल्या सगळ्या कॉलेजांत पहिला आलेला तो पहिलाच खेळाडू. ब्रन्सन त्या वर्षीचा सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला होता, शिवाय विलानोव्हाच्या २०१६ आणि २०१८ या दोन्ही राष्ट्रीय विजेत्या संघांत होता. गिल्जस-अलेक्झांडर मात्र केंटकीत हंगामाच्या सुरुवातीला बेंचवरून उतरायचा आणि त्याची सरासरी १४.४ गुणांची होती. २०२५मध्ये एनबीएचा एमव्हीपी, म्हणजे हंगामातला सर्वोत्तम खेळाडू, झाला तो हाच मुलगा, आणि तेहेतिसावा ब्रन्सन न्यूयॉर्क निक्सचा कणा झाला.

म्हणून निवड करणाऱ्यांना खेळ कळत नव्हता असं नाही. यंगला वर घ्यायला आणि ब्रन्सनला खाली ठेवायला ठोस कारणं होती, ती पुढे येतीलच. अडचण अशी की कॉलेजचे आकडे एका प्रश्नाचं उत्तर देतात आणि ड्राफ्टला दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर हवं असतं. कॉलेजात कोण भारी खेळला, हे आकड्यांत दिसतं. आपल्याला हवं असतं ते असं: जागा बदलली, वेळ कमी झाला, समोरची माणसं उंच झाली आणि बॉल दिवसभर हातात राहिला नाही, तर या मुलाच्या खेळातलं काय काय शिल्लक राहील? पुढची सगळी तपासणी या एका प्रश्नासाठी आहे.

आधी मैदानातला फरक

कॉलेजचा सामना ४० मिनिटांचा, एनबीएचा ४८. कॉलेजात शॉट घ्यायला ३० सेकंद मिळतात, एनबीएत २४. थ्री पॉइंटची रेषा, म्हणजे जिच्या बाहेरून बसलेल्या शॉटला तीन गुण मिळतात ती, कॉलेजात ६.७५ मीटरवर आहे. एनबीएत ती समोरून ७.२४ मीटर आणि कोपऱ्यात ६.७१ मीटर. म्हणजे कोपऱ्यातला शॉट जवळजवळ तोच राहतो, पण समोरचा शॉट अर्ध्या मीटरने लांब जातो. जुन्या खेळाडूंशी तुलना करताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायची: २०१९-२०च्या आधी कॉलेजची रेषा ६.३२ मीटरवरच होती. तेव्हाचे ४० टक्के आणि आजचे ४० टक्के एका मापाचे नाहीत.

रिंगखालचा रंगवलेला भाग, म्हणजे पेंट, कॉलेजात १२ फूट रुंद असतो आणि एनबीएत १६ फूट. त्याहून मोठा फरक एका नियमाने पडतो. एनबीएत बचाव करणारा खेळाडू हाताच्या अंतरावर कुणाला अडवत नसेल, तर पेंटमध्ये तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबू शकत नाही. कॉलेजात अशी अट नाही, त्यामुळे सात फुटी सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा संघातला उंच खेळाडू, तिथे हवा तेवढा वेळ तळ ठोकतो. आत घुसणाऱ्या गार्डला समोर भिंतच दिसते. एनबीएत ती वाट मोकळी असते, पण मदतीला येणारा माणूस जास्त लांब हातांचा आणि जास्त वेगवान असतो. एखादा गार्ड दाटीमुळे कॉलेजात आत कमी जात असेल, तर त्याला लगेच बाद करू नये. आणि फक्त दुबळ्या संघांच्या बुटक्या सेंटरसमोर लेअप, म्हणजे अगदी रिंगजवळून टाकलेले शॉट, बसवणाऱ्याला त्यावरून वर चढवू नये.

शूटिंग: टक्केवारी शेवटी बघा

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. कॉलेजचा हंगाम जेमतेम ३० ते ३८ सामन्यांचा. समजा, एका गार्डने १५० थ्री मारले आणि ५४ बसले, म्हणजे ३६ टक्के. इतक्या शॉटांत नुसत्या नशिबाने सहा शॉट इकडचे तिकडे होणं अगदी नेहमीचं आहे. सहा कमी बसले की ३२ टक्के, सहा जास्त बसले की ४०. तोच हात, तोच मुलगा, पण एकदा ‘शॉट कच्चा’ असा शेरा आणि एकदा ‘पक्का शूटर’. गिल्जस-अलेक्झांडरचे केंटकीतले थ्री ४०.४ टक्के होते, पण सगळे मिळून ५७ शॉट आणि त्यातले २३ बसलेले. त्यातले चार चुकले असते तर आकडा थेट ३३वर आला असता. त्या ४०.४मधून शूटिंगबद्दल जवळजवळ काहीच कळत नव्हतं. कळण्यासारखं होतं ते इतकंच, की तो थ्री फार घेत नाही.

म्हणून आधी फ्री थ्रो, म्हणजे फाउलबद्दल मिळणारे मोकळे शॉट, बघायचे. समोर कुणी नाही, अंतर कायम १५ फूट, घाई नाही. हाताची खरी लय तिथे दिसते. टायरीस मॅक्सी २०१९-२०मध्ये केंटकीत थ्री फक्त २९.२ टक्के मारत होता, ११३पैकी ३३. फ्री थ्रो मात्र ८३.३ टक्के. ड्राफ्टमध्ये तो एकविसाव्या क्रमांकापर्यंत घसरला आणि फिलाडेल्फियाला मिळाला. एनबीएतल्या दुसऱ्या हंगामात त्याने थ्री ४२.७ टक्के मारले. उलट बाजूला २०१७चे पहिले दोन गार्ड: मार्केल फुल्ट्झ थ्री ४१.३ टक्के पण फ्री थ्रो ६४.९, आणि लॉन्झो बॉल थ्री ४१.२ टक्के पण फ्री थ्रो ६७.३. पहिल्या हंगामात बॉलचे थ्री ३०.५ टक्क्यांवर आले.

पण या खुणेला वेद मानू नका. फुल्ट्झच्या खांद्याजवळच्या नसांचा आजार २०१८च्या अखेरीस निदान झाला, त्यामुळे त्याचं सगळं अपयश फ्री थ्रोच्या आकड्यावर टाकणं चुकीचं ठरेल. आणि बॉलने पुढे शॉटची पद्धत बदलली. २०२१-२२मध्ये शिकागोकडून त्याचे थ्री ४२.३ टक्के गेले. फ्री थ्रोवरून शंका कुठे घ्यायची ते कळतं, निकाल लागत नाही.

मग शॉट कसा तयार होतो ते बघायचं. पास मिळाल्यावर लगेच मारलेला थ्री आणि ड्रिबल करत, म्हणजे बॉलचे टप्पे देत, येऊन थांबून मारलेला थ्री यांची नोंद वेगळी ठेवा. एनबीएत नव्या गार्डला पहिली दोन वर्षं बहुतेक पहिल्या प्रकारचेच शॉट मिळतात. दुसरी गोष्ट, पाय रेषेपासून किती मागे आहेत. कॉलेजात रेषेला चिकटून मारणाऱ्याला अर्धा मीटर मागे जावं लागेल. दीड-दोन फूट मागूनच मारत असेल तर त्याला काहीच बदलायचं नाही. तिसरी गोष्ट वेळ. बॉल हातात आल्यावर तो कमरेखाली नेऊन मग वर आणायची सवय असेल, तर तेवढ्यात एनबीएचा लांब हाताचा बचावपटू पोचलेला असतो. शॉट दिसायला सुंदर असण्याची गरज नाही. टायरीस हॅलिबर्टनचा शॉट विचित्रच दिसतो, पण आयोवा स्टेटमधल्या शेवटच्या हंगामात थ्री ४१.९ टक्के आणि फ्री थ्रो ८२.२ टक्के होते. दर वेळी हात तसाच जातो का आणि बॉल वेळेत सुटतो का, एवढंच पाहायचं.

पिक अँड रोल: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

एनबीएतला गार्ड ज्या एका चालीवर जगतो ती ही. आपला उंच सहकारी येऊन गार्डच्या बचावपटूच्या वाटेत उभा राहतो, म्हणजे स्क्रीन लावतो. गार्ड त्याला खांदा घासून निघतो, आणि स्क्रीन लावणारा रिंगकडे धावतो. पुढच्या दीड-दोन सेकंदांत गार्डने समोरच्यांचा डाव वाचायचा असतो.

समोरचा सेंटर मागे फ्री थ्रो रेषेच्या आत थांबला आणि गार्डचा बचावपटू पाठीमागे अडकला, तर मधे एक खिसा मोकळा राहतो. कच्चा गार्ड तिथे पूर्ण वेगात घुसतो, सेंटरच्या अंगावर जातो आणि हवेत गेल्यावर पास शोधतो. पक्का गार्ड खिशात आल्यावर वेग कमी करतो, मागच्या बचावपटूला पाठीवर घेतो, म्हणजे त्याला पुढे येऊच देत नाही, आणि सेंटरला ठरवायला लावतो. सेंटर पुढे आला की वरून सहकाऱ्याला पास, मागे राहिला की तिथूनच छोटा शॉट. गिल्जस-अलेक्झांडर केंटकीत असताना हेच करत होता. त्याच्या धावण्यापेक्षा त्याचं थांबणं बघण्यासारखं होतं. बचावपटू दोन पावलं पुढे निघून जायचा आणि हा शांतपणे शॉट घ्यायचा. गुणांच्या रकान्यात हे कुठेच उमटत नाही.

समोरचे दोघे मिळून गार्डवर चालून आले, तर उरलेल्या कोर्टवर चार विरुद्ध तीन असा खेळ होतो. अशा वेळी बॉल किती लवकर सुटतो ते बघायचं. बचावपटू स्क्रीनच्या खालून गेला, तर तो ‘मार थ्री’ असं आव्हान देतोय, आणि गार्ड ते घेतो की नाही यावरून त्याचा स्वतःच्या शॉटवर किती विश्वास आहे ते कळतं. अदलाबदल होऊन सेंटर अंगावर आला, तर घाईने अवघड थ्री मारण्याऐवजी दोन ड्रिबलमध्ये त्याला मागे टाकता येतं का?

पाच सामने निवडा: दोन सगळ्यात चिवट बचावाच्या संघांविरुद्ध, एक बाहेरच्या मैदानावरचा, एक तो सपशेल फसला तो, आणि एक साधा. फसलेला सामना सगळ्यात आधी बघा. प्रत्येक सामन्यात १५-२० पिक अँड रोल मिळतात. वहीत तीनच रकाने आखा: समोरच्यांनी काय केलं, याने काय केलं, तो निर्णय बरोबर होता का. बॉल बसला की नाही याचा रकाना मुद्दाम ठेवू नका. सहकाऱ्याने मोकळा शॉट चुकवला म्हणून पास वाईट ठरत नाही. ऐंशी-नव्वद नोंदी झाल्या की सवयी आपोआप वर येतात. डाव्या हाताने लांबच्या कोपऱ्यात पास जातो की नाही, दबाव आला की ड्रिबल लवकर बंद होतो का, पास द्यायला उगाच हवेत उडी मारतो का, सगळं दिसायला लागतं.

टर्नओव्हर, म्हणजे समोरच्या संघाकडे गमावलेले बॉल, हेसुद्धा याच वहीतून समजून घ्यायचे. यंगचे सामन्यामागे ५.२ टर्नओव्हर होते, ब्रन्सनचे १.८. नुसता आकडा बघितला तर यंग निष्काळजी वाटतो. पण त्याच्यावर अख्ख्या संघाचा भार होता आणि बरेच बॉल असे पास देताना गेले, जे पास बाकीच्या गार्डांना दिसतही नाहीत. पास दिसतो पण अंदाज चुकतो, हा दोष वयाबरोबर कमी होतो. साध्या दबावात हातातून ड्रिबल सुटतो, हा दोष एनबीएत वाढतो.

गुण किती, यापेक्षा कितीत

एक छोटा हिशोब. समजा, गार्ड ‘अ’ सामन्यामागे २० गुण करतो, १८ शॉट आणि ३ फ्री थ्रो घेऊन. गार्ड ‘ब’ १५ गुण करतो, १० शॉट आणि ५ फ्री थ्रो घेऊन. फ्री थ्रोंना ०.४४ने गुणा, त्यात शॉट मिळवा, दुप्पट करा आणि त्याने गुणांना भागा. ‘अ’चे ५१.८ टक्के येतात, ‘ब’चे ६१.५. याला ट्रू शूटिंग म्हणतात. आता ‘ब’ भारी ठरला का? एवढ्यात नाही. त्याच्या वाट्याला संघाचे किती शॉट येत होते ते बघा. बाजूला राहून सोपे शॉट घेणाऱ्याची टक्केवारी चांगलीच दिसते. ‘अ’सारखा भार असताना ५७-५८ टक्के राखणारा गार्ड मात्र खरंच दुर्मीळ.

शॉटांच्या तुलनेत फ्री थ्रो किती मिळतात याचीही नोंद ठेवा. जो गार्ड आत घुसून धक्का घेत नाही, त्याला कॉलेजात फ्री थ्रो मिळत नाहीत आणि एनबीएत तर नाहीतच. २०१०-११मध्ये ब्रिगम यंग विद्यापीठाचा जिमर फ्रेडेट २८.९ सरासरीने देशात पहिला होता आणि दहाव्या क्रमांकावर निवडला गेला. त्याच्या लगेच मागे क्ले थॉम्पसन, पंधरावा कवाय लेनर्ड, आणि हे दोघे पुढे एनबीएत मोठे झाले. फ्रेडेटचा शॉट खरा होता. पण बॉल हातात ठेवून, स्वतः जागा काढून शॉट घेण्याचा जो खेळ त्याला कॉलेजात मोठा करून गेला, तो एनबीएच्या लांब हातांपुढे चालला नाही, आणि बचावातली कसर भरून निघाली नाही.

उंची, हात आणि वय

मे महिन्यात शिकागोत ड्राफ्ट कम्बाइन भरतं. तिथे उंची बुटांशिवाय मोजतात, दोन्ही हात पसरून विंगस्पॅन घेतात, उभ्याने हात किती वर पोचतो ते मोजतात, शिवाय उडी, दिशा बदलून धावणं आणि पाऊण कोर्टची धाव असते. कॉलेजच्या वेबसाइटवरची उंची बऱ्याचदा इंच-दोन इंच फुगवलेली असते, म्हणून कम्बाइनचं मापच धरायचं. गार्डच्या बाबतीत उंचीपेक्षा विंगस्पॅन जास्त सांगून जातो. गिल्जस-अलेक्झांडर साडेसहा फुटांच्या आसपास, पण विंगस्पॅन सात फुटांना थोडाच कमी. त्याच्या छोट्या शॉटवर कुणाचा हात पोचत नाही, तो यामुळे.

हात आखूड आणि उंची सहा फूट एक-दोन इंच असेल, तर बचावाचा प्रश्न टाळता येत नाही. प्लेऑफमध्ये समोरचा संघ प्रत्येक चालीत त्यालाच हेरून त्याच्यावर सगळ्यात ताकदवान खेळाडू सोडतो. यंगच्या नावापुढे ही शंका ड्राफ्टच्या दिवशीही होती आणि ती खरी निघाली. फक्त त्याचं आक्रमण इतकं मोठं होतं की पाचवा क्रमांक तरीही पटण्यासारखा आहे. बचाव बघताना बॉलवर नजर ठेवू नका. गार्डवरच ठेवा: स्क्रीन येताना खांदा तिरका करून वरून निघतो का, की तिथेच मरतो? आपला माणूस कोपऱ्यात असताना मान वळत राहते का? स्टील, म्हणजे समोरच्याचा बॉल हिसकावणं, ही चांगली खूण आहे, हात आणि अंदाज दोन्ही दाखवते, पण दर दुसऱ्या पासवर झेप घेऊन जागा सोडणाऱ्याचे स्टीलही वाढलेले असतात.

वयाचा हिशोब वर्गावरून नको, जन्मतारखेवरून करा. ड्राफ्टच्या वर्षात १९ पूर्ण व्हावी लागतात, आणि अमेरिकेत शिकलेल्या मुलाची शाळा संपून एक हंगाम उलटलेला असावा लागतो. २०१८च्या ड्राफ्टला गिल्जस-अलेक्झांडर १९चा होता, ब्रन्सन २२ला दोन महिने कमी. कोविडमुळे २०२०-२१च्या खेळाडूंना मिळालेलं जादा वर्ष, कॉलेज बदलण्याची मोकळीक आणि २०२१पासून खेळाडूंना जाहिरातींतून मिळू लागलेला पैसा यांमुळे गेल्या काही वर्षांत २३-२४ वर्षांचे गार्डही कॉलेजात दिसतात. १९ वर्षांच्या पोरांसमोर त्यांची ताकद उठून दिसते. म्हणून मोठ्या वयाच्या गार्डचं कौतुक करताना त्याचा पहिल्या-दुसऱ्या वर्षाचा खेळही काढून बघा. तेव्हा काय येत होतं आणि आता काय नवीन आलं?

पण वयाला घाबरूनही चुका होतात, आणि ब्रन्सन हे त्याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण. बुटका, उडी बेताची, तीन वर्षं कॉलेजात खेळलेला, म्हणजे आता काय सुधारणार, असा विचार झाला. त्याच्याकडे जे होतं ते कम्बाइनच्या कुठल्याच चाचणीत मोजत नाहीत. गर्दीत दोन पायांवर थांबायचं, एक पाय रोवून अंग फिरवायचं, समोरच्याला उडी मारायला लावायचं आणि मग शॉट घ्यायचा. उंच माणसासमोर जागा काढायला त्याला वेग लागतच नव्हता. शेवटच्या हंगामात थ्री ४० टक्क्यांच्या वर, आणि त्यामागे तीन हंगामांचे शॉट होते, पन्नास-साठ नव्हेत.

छोट्या कॉलेजचा गार्ड असेल तर मोठ्या संघांविरुद्धचे सामने वेगळे काढा. डेव्हिडसनचा स्टीफन करी, वीबर स्टेटचा डेमियन लिलार्ड, लीहायचा सी. जे. मॅकॉलम हे सगळे छोट्या कॉन्फरन्समधून, म्हणजे कॉलेजांच्या छोट्या गटांतून, आले आणि अनुक्रमे सातवे, सहावे, दहावे निवडले गेले. मात्र मार्चमधल्या राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेतल्या एका रात्रीवर मत बनवू नका. २०१२मध्ये मॅकॉलमने ड्यूकला ३० गुण मारून हरवलं ते खरं, पण तो तसाच खेळ आधीपासून दाखवत होता.

अहवालात काय लिहायचं

शेवटी ‘चांगला’ किंवा ‘वाईट’ लिहून भागत नाही. एनबीए संघात साधारण १५ जणांची जागा, त्यात नव्या गार्डला सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं. तेव्हा पहिलं वाक्य असं हवं: बॉल हातात नसताना हा काय करेल? दुसरं, सगळं नीट जमलं तर कुठली भूमिका. तिसरं, ते जमायला कुठली एक गोष्ट सुधारावी लागेल, आणि ती सुधारेल असं मानायला वहीत काय पुरावा आहे. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा पगार पहिली दोन वर्षं पक्का असतो, पुढची दोन वर्षं संघाच्या मर्जीवर. दुसऱ्या फेरीत असा ठरलेला करार नाही. म्हणून पहिल्या वाक्याचं उत्तर कमकुवत आणि दुसऱ्याचं भक्कम असा गार्ड लॉटरीतल्या, म्हणजे पहिल्या १४ निवडींतल्या, संघाला परवडतो. विजेतेपदाच्या मागे लागलेल्या संघाला नाही.

आपल्या नोंदींवर तारीख घाला आणि निदान तीन-चार वर्षं त्या फाडू नका. गार्डला बॉल मिळायलाच वेळ लागतो. गिल्जस-अलेक्झांडरची पहिल्या हंगामाची सरासरी १०.८ होती. ब्रन्सनने २०२२-२३मध्ये न्यूयॉर्कला जाऊन २४ची सरासरी गाठली, तो त्याचा पाचवा हंगाम होता.